फिरती तीच, वजावट मात्र एकालाच

अमेरिकेत कामासाठी विमानाचं तिकीट, हॉटेल, जेवण स्वतःच्या खिशातून भरलं आणि कंपनीने ते पैसे दिले नाहीत, तर पगारदाराला केंद्रीय आयकरात त्याची वजावट मिळत नाही. तोच प्रवास स्वतःचा धंदा करणाऱ्याने केला तर मिळते.

सुरुवातीला असा भेद नव्हता. फिरतीवर असताना घरच्यापेक्षा जेवणाला जो जास्तीचा खर्च होई, तेवढाच वजा करायचा, असा नियम होता. पण घरचं जेवण कितीला पडतं हे ठरवणार कोण? कर खातंच या हिशोबाला कंटाळलं आणि १९२१ च्या कायद्याने धंद्यासाठी घराबाहेर राहिल्यास जेवण-मुक्कामाचा सगळा खर्च मान्य केला.

मग पावत्यांचा प्रश्न आला. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरचा निर्माता जॉर्ज कोहान हात सैल सोडून खर्च करी, हिशोब मात्र ठेवत नसे. १९३० मध्ये न्यायाधीश लर्नेड हँड यांनी म्हटलं, खर्च झालाय हे उघड आहे, तर अंदाजाने काही तरी द्या. हिशोब न ठेवल्याचा तोटा त्याने सोसावा. ही सूट बरीच वर्षं चालली. अखेर १९६२ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, प्रवासखर्चासाठी तारीख, ठिकाण, कारण आणि रक्कम यांचा पुरावा सक्तीचा केला.

पगारदाराची खरी कोंडी १९८६ पासून. त्याच्या अशा किरकोळ खर्चांची बेरीज उत्पन्नाच्या २ टक्क्यांवर गेली, तरच वरची रक्कम धरायची. म्हणजे ६०,००० डॉलर उत्पन्न असेल तर पहिले १,२०० डॉलर गेलेच. १९९२ मध्ये आणखी एक अट आली: एकाच ठिकाणचं काम वर्षाहून जास्त चालणार असेल तर ती 'तात्पुरती' फिरती नाही, म्हणजे वजावटही नाही. न्यू जर्सीत घर ठेवून दुसऱ्या राज्यात क्लायंटकडे बसणाऱ्या आपल्या इंजिनीअर मंडळींना ही अट चांगलीच ठाऊक होती.

२०१७ च्या कायद्याने २०१८ ते २०२५ साठी ही वजावटच थांबवली. २०२५ पर्यंत कळ काढा, असं तेव्हा अनेकांना वाटलं. पण जुलै २०२५ च्या कायद्याने बंदी कायमची केली. राखीव सैनिक, काही कलाकार असे मोजके अपवाद राहिले. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कसारखी राज्यं आपापल्या राज्यकरात अजून वजावट देतात. बाकीच्यांनी पावत्या कंपनीलाच द्यायच्या. नीट हिशोब देऊन मिळालेल्या भरपाईवर कर लागत नाही.