अर्ज तपासणाऱ्याला मशीनची कारणं दिसू लागली, त्याआधीची गोष्ट

कर्जाचा अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या स्क्रीनवर मशीनने अर्जदाराला दिलेल्या स्कोअरबरोबर तो कमी येण्याची तीन-चार कारणंही दिसतात. जास्तीत जास्त चारच का, याचं उत्तर अमेरिकेच्या कायद्यात सापडतं.

बिल फेअर आणि अर्ल आयझॅक यांनी १९५६ मध्ये कंपनी काढली आणि दोन वर्षांत कर्जदारांना गुण देण्याची पद्धत विकायला सुरुवात केली. नोकरी किती वर्षांची, घर स्वतःचं की भाड्याचं, अशा प्रत्येक उत्तराला गुण असत आणि शेवटी त्यांची बेरीज होई. गुण कुठे कमी पडले हे कागदावर कुणालाही दिसे. पुढे १९७४ चा समान कर्जसंधी कायदा आला. १९७६ च्या दुरुस्तीने नकाराचं नेमकं कारण मागण्याचा हक्क अर्जदाराला दिला. ‘पुरेसे गुण मिळाले नाहीत’ एवढं सांगून भागत नाही, हे त्याच्या नियमांतच आहे. चारपेक्षा जास्त कारणांचा फारसा उपयोग होत नाही, असंही नियमांवरच्या अधिकृत भाष्यात म्हटलं आहे. तोच आकडा पुढे सॉफ्टवेअरमध्ये रुजला.

म्हणजे ही कारणं नकार मिळालेल्या माणसासाठी घडली होती. तपासणाऱ्याची गरज वेगळी असते. त्याला मशीनशी असहमत व्हायचं असेल तर आधार हवा. ही गरज ओळखणारं काम आधी वैद्यकात झालं. संसर्गावर उपचार सुचवणाऱ्या स्टॅनफर्डच्या ‘मायसिन’ या संगणक प्रणालीला सत्तरच्या दशकात डॉक्टर ‘का?’ आणि ‘कसं?’ असं विचारू शकत. ऐंशीच्या दशकात अमेरिकन एक्सप्रेसने कार्डावरची मोठी खरेदी मंजूर करणाऱ्या कर्मचाऱ्यांना अशीच प्रणाली दिली. ती शिफारस करी, कारण सांगे, निर्णय कर्मचाऱ्याचा. मला हा टप्पा सगळ्यात मोलाचा वाटतो.

नंतरच्या, स्कोअर काढणाऱ्या किचकट संगणकीय मॉडेलांना बेरीज उलगडून दाखवता येईना. २०१६ मध्ये ‘लाइम’ आणि २०१७ मध्ये ‘शॅप’ या पद्धती आल्या. कुठल्या माहितीने निर्णय किती झुकला, याचा त्या अंदाज देतात. २०२२ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने बजावलं, की मॉडेल किचकट आहे ही सबब चालणार नाही.

आपल्याकडे छोट्या कर्जांचा अर्ज नाकारताना मुख्य कारण लेखी कळवावं, असं रिझर्व्ह बँकेने २००३ मध्येच सांगितलं होतं. आयआयटी मुंबईचे पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखालच्या, रिझर्व्ह बँकेच्याच समितीने २०२५ मध्ये वित्तक्षेत्रातल्या एआयसाठी सात सूत्रं मांडली. प्रणाली घडवतानाच ती समजण्याजोगी असावी, हे त्यांतलं एक.