विरून गेलेल्या कणांचा आकाशातील लेख

चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापन केलेल्या मठाला 1207 साली मिळालेल्या दानाची नोंद त्यात आहे. मठ राहिला नाही, पण तो होता हे त्या अक्षरांवरून कळते. विश्वाच्या आरंभी निर्माण होऊन विरून गेलेल्या अतिजड कणांचाही असाच लेख आकाशात उरला असावा. तो वाचण्याची रीत त्रिकोणांवर उभी आहे, म्हणून खानदेशातल्या गणिताच्या विद्यार्थ्यांनी ती आवर्जून समजून घ्यावी.

विश्वाच्या आरंभीच्या, इन्फ्लेशन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अतिवेगवान प्रसरणात अवकाश इतक्या झपाट्याने ताणले जात होते, की निर्वातातूनच कण निर्माण होत. या प्रक्रियेची ऊर्जा 10 हजार अब्ज गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत असू शकते, तर लार्ज हॅड्रॉन कोलायडरमधील टकरींची ऊर्जा जेमतेम 13,600 गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. एवढे जड कण पृथ्वीवर घडवता येणार नाहीत.

जड कणाच्या क्षेत्राचे दोलन त्याच्या वस्तुमानाने ठरलेल्या वारंवारतेने होते. प्रसरणामुळे ते क्षीण होत गेले, पण जाता जाता घनतेच्या चढउतारांवर ठसा ठेवून गेले. हे चढउतार, साधारण लाखात एक भाग एवढे सूक्ष्म, विश्व 3,80,000 वर्षांचे असताना सुटलेल्या प्रकाशात आजही मोजता येतात. त्यांतील तीन तरंगांचा सहसंबंध घेतला, की त्यांच्या तरंगसदिशांचा (तरंगाची दिशा दाखवणारा हा सदिश, तरंग जितका लांब तितका आखूड) त्रिकोण बनतो. एक तरंग फार लांब असला, तर त्या त्रिकोणाची एक बाजू अगदी आखूड होते, आणि खरी गंमत इथेच आहे: आखूड व लांब बाजूंचे गुणोत्तर बदलत नेले, तर सहसंबंध त्या गुणोत्तराच्या लॉगरिदमनुसार वरखाली होतो. या दोलनाच्या वारंवारतेवरून कणाचे वस्तुमान, तर बाजूंमधील कोनावरून त्याचा स्पिन, म्हणजे अंगभूत कोनीय संवेग, कळतो. निमा अर्कानी-हामेद आणि हुआन माल्दासेना या भौतिकशास्त्रज्ञांनी 2015 साली हे सविस्तर मांडले.

मात्र वस्तुमान वाढेल तसा हा संकेत घातांकी वेगाने मंदावतो, आणि त्या आद्य प्रकाशाचा नकाशा बनवणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या निरीक्षणांत तो सापडलेला नाही. माझ्या मते यात निराश होण्यासारखे काही नाही. प्लँकने पाहिले ते केवळ एक गोलपृष्ठ होते, कारण तो प्रकाश सगळ्या दिशांनी जवळपास सारख्याच अंतरावरून येतो. 2023 साली झेपावलेली युक्लिड आणि 2025 सालची स्फिअरएक्स या दुर्बिणी दीर्घिकांचा त्रिमितीय नकाशा बनवत आहेत, त्यामुळे तपासायला कितीतरी अधिक त्रिकोण मिळतील. दीर्घिकांना एकत्र ओढणारे गुरुत्वाकर्षणही तीन तरंगांत सहसंबंध निर्माण करते आणि तो आधी वेगळा काढावा लागतो, पण गुणोत्तराच्या लॉगरिदमनुसार होणारे दोलन त्यातून उपजत नाही.