खाजण

खाजण : भरतीच्या पाण्याखाली जाणारी खाडीकाठची सखल जमीन. बांध घालून भरती अडवलेल्या आणि उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या तोंडातून, आतले पाणी सोडता-रोखता येणाऱ्या भातजमिनीला हा शब्द विशेषेकरून लावतात. रायगड जिल्ह्यात अशा मुलखाला खारेपाट म्हणतात, सरकारी दप्तरात खारभूमी किंवा खारजमीन, तर दक्षिण कोकणात आणि गोव्यात खाजण. तिवर, कांदळ, चिप्पी ही खारफुटीची झाडे माजलेल्या, बांध नसलेल्या चिखलालाही बऱ्याच गावांत खाजणच म्हटले जाते. येथे दोन्ही अर्थ धरले आहेत, कारण खाडीकाठच्या लहान शहरांचे पाणी दोहोंवर अवलंबून असते.

शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. ‘खजिना’ या शब्दाशी त्याचा संबंध जोडणारी समजूत लोकप्रिय आहे, पण ती टिकण्यासारखी नाही. गोव्यातील बांदिवडे येथे मिळालेल्या, कोकणच्या मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्मन राजाच्या संस्कृत ताम्रपटात दान दिलेल्या जमिनीच्या संदर्भात ‘खज्जन’ असा शब्द येतो. अक्षरांच्या वळणावरून हा ताम्रपट साधारणपणे सहाव्या-सातव्या शतकातला मानतात, म्हणजे या किनाऱ्यावर ‘खजिना’सारखे फारसी वळणाचे शब्द रुळण्याच्या पुष्कळ आधीचा. ‘खज्जन’पासून ‘खाजण’ हा प्रवासही मराठीच्या नेहमीच्या नियमात बसतो. जोडाक्षर सुटते आणि आधीचा स्वर दीर्घ होतो (सत्त–सात, अज्ज–आज). स्वरांमधल्या ‘न’चा ‘ण’ होणेही ओळखीचेच. ‘खज्जन’ मुळात कोठून आला, हा खरा प्रश्न आहे. काहींनी तो संस्कृत ‘क्षार’कडे नेला. अर्थ जुळतो, मात्र मग उत्तरपदातल्या ‘जन’चे काय करायचे हे नीट लागत नाही. आर्यभाषांच्या आधी येथे बोलल्या जाणाऱ्या एखाद्या बोलीतून संस्कृतने तो उचलला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. लेख कोरणाऱ्याला संस्कृत प्रतिशब्द न घेता गावचाच शब्द ठेवावा लागला, ही गोष्ट त्याच दिशेने बोट दाखवते.

खाजणबंदिस्तीच्या प्राचीनतेबद्दल तीन-साडेतीन हजार वर्षांचे आकडे सांगितले जातात. ते अशक्य नाहीत, पण लेखी पुरावा ताम्रपटाच्या मागे जात नाही. त्या काळी खाजण ही दान देण्याजोगी, मोजता येणारी जमीन होती, एवढे निश्चित म्हणता येते. गोव्यात गावकरीचे, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचे, जुने रिवाज पोर्तुगीज अधिकारी अफोन्सो मेशिया याने १५२६ मध्ये लेखी नोंदवले. उत्तर कोकणातील शिलोत्री पद्धतीची माहिती मुख्यतः १८८३ च्या कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये मिळते. समुद्रापासून जमीन मिळवणारा शिलोत्रदार बाहेरचा बांध राखी आणि त्यासाठी कुळांकडून सरकारी धाऱ्याशिवाय जादा भात घेई. ब्रिटिशपूर्व काळातील कुळांची बाजू मात्र कागदावर फारशी उतरलेली नाही. खारेपाटातील कुळांचा आवाज पहिल्यांदा ठळकपणे ऐकू आला तो अलिबाग तालुक्यातील चरी येथे. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तेथील शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप पुकारला आणि सुमारे सहा वर्षे जमिनी कसल्या नाहीत.

खाजणाचे काम उघाडीवर चालते. गोव्यात हिला मानस म्हणतात. बांधातल्या दगडी तोंडावर लाकडी झडप असते आणि ती फक्त खाडीच्या बाजूला उघडते. भरती चढली की बाहेरच्या पाण्याचा दाब झडप लावून घेतो. ओहोटी लागली की आत साचलेले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. माणसाने हात न लावता दिवसातून दोनदा हे घडते. बांध स्वतः चिखलाचा असतो, खाडीच्या अंगाला दगड रचलेला. त्याचा शत्रू बहुधा लाट नसून खेकड्याचे बीळ असते. बोटभर बिळातून उधाणाचे पाणी झिरपू लागते, चिखल धुपतो, आणि एका रात्रीत दहा हात लांबीची खांड पडते. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाआधी बांधावरून चालत जाऊन, ओल दिसेल तेथे पेंढा आणि चिखल पायाने दाबून बसवणे, हे गावकीच्या कामात मोडत असे. बांधाबाहेर तिवरांचा पट्टा असला की लाट तेथेच मोडते. जुने लोक तो तोडू देत नसत.

मार्च-एप्रिलमध्ये ढेकळांवर पांढरा खार फुटतो. कोकणातला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस तो विरघळवून उघाडीतून बाहेर नेतो आणि मग लावणी होते. काळा राता, भुरा राता या लाल तांदळाच्या जाती आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राच्या ‘पनवेल’ मालिकेतील जाती क्षार सोसतात. गोव्यातील कोरगूट याच वर्गातली. जिताडा, बोईट, काळुंदर हे मासे आणि कोळंबी ही खाजणाची दुसरी पिके. खारेपाटात घराशेजारच्या तळ्यात जिताडा पोसण्याची चाल अजून आहे.

कायदा खाजणाकडे तुकड्या-तुकड्यांनी पाहतो. शेतीच्या बाजूने मुंबई खारजमीन अधिनियम, १९४८ आणि त्याच्या जागी आलेला महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम, १९७९ आहे. पर्यावरणाच्या बाजूने १९७१ च्या रामसर या आंतरराष्ट्रीय पाणथळ कराराला अनुसरून केलेले पाणथळ नियम (२०१०, सुधारित २०१७) आहेत. २०१७ च्या व्याख्येत खाऱ्या, मचूळ, नैसर्गिक, कृत्रिम अशा सगळ्या पाणथळी येतात, पण भातखाचरे, मिठागरे आणि मत्स्यपालनासाठी बांधलेली तळी वगळली आहेत. कसलेले खाजण त्यामुळे व्याख्येबाहेर पडते. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने गोव्यातील खाजणांना नाव घेऊन संरक्षण दिले. महाराष्ट्रातल्या खारभूमीला तसा स्वतंत्र उल्लेख मिळाला नाही. २०१९ च्या नव्या अधिसूचनेनुसार १९९१ पूर्वीचा बांध किंवा उघाडी असेल तेथे भरतीरेषा, म्हणजे जिच्यापासून किनाऱ्याचे निर्बंध मोजतात ती रेषा, बांधावरूनच धरतात. मात्र बांधाच्या आत खारे पाणी शिरून कांदळवन उगवले, तर ती जमीन सर्वाधिक संरक्षित वर्गात जाते. याचा परिणाम बांधावर राहणाऱ्याने पाहिलेला असतो. खांड वेळेत बुजली नाही तर तीन-चार पावसाळ्यांत शेतात तिवराची रोपे कमरेपर्यंत येतात. मग ती काढता येत नाहीत आणि शेतही करता येत नाही. कांदळवनाचे रक्षण योग्यच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग मानला, तेही योग्यच. पण खाजण ही माणसाने घडवलेली पाणथळ आहे. बांध राखला नाही तर ती मूळ जंगलाकडे परत जाईलच असे नाही. कित्येकदा तिच्यावर आधी राडारोडा आणि नंतर भराव येतो.

पाण्याच्या गुणवत्तेशी खाजणाचा संबंध विहिरीतून कळतो. किनाऱ्याजवळ जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. घायबेन-हर्झबर्ग नियमाप्रमाणे समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल तर खारे पाणी त्या पातळीखाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत दाबलेले राहते. वरची पातळी वीतभर उतरली की खालचे पाणी नऊ-दहा मीटर चढू शकते. हा हिशोब आदर्श स्थितीतला आहे. जांभा दगड सच्छिद्र आणि भेगाळ असल्याने प्रत्यक्षात ठिकठिकाणी फरक पडतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास १,००० मिलिग्रॅम आहे. म्हणजे सत्तर घागरींत एक घागर समुद्राचे पाणी मिसळले तरी इष्ट मर्यादा ओलांडते. पावसाळाभर गोड्या पाण्याने भरलेले खाजण हे मिसळणे रोखायला हातभार लावते. भराव टाकला की तो दाबही जातो आणि पुराला पसरायला जागाही उरत नाही.

किनाऱ्यावरील लहान नगरपरिषदांच्या हद्दीत भुयारी गटारे क्वचितच असतात. शोषखड्डे जांभ्यात झिरपतात, सांडपाणी व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, खाजणात उतरते. ओहोटीला येणारा कुजक्या अंड्यासारखा वास हे मात्र प्रदूषणाचे लक्षण नव्हे. तो प्राणवायू नसलेल्या चिखलाचा स्वाभाविक वास आहे, आणि याच चिखलात सांडपाण्यातल्या नायट्रेटचा काही भाग मोडतो. त्याची क्षमता अमर्याद नसते. वेंगुर्ल्याने कचरा घरातच वेगळा करून घेण्याची शिस्त लावली आणि कचऱ्याचा डेपो ‘स्वच्छ भारत पॉइंट’ म्हणून पाहण्याजोगा केला. तेथील मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गट पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतो. सांडपाण्याचे काम सगळीकडेच याहून मागे आहे.

विहिरीचा नमुना वर्षातून एकदा, तोही सोयीच्या दिवशी घेण्याची पद्धत खाजणाकाठी अपुरी पडते. मे महिन्यातील उधाणाला क्लोराइड सर्वात जास्त येण्याचा संभव असतो, तर मैल्याचे जंतू पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या आठवड्यात, जेव्हा शोषखड्ड्यांपर्यंत पाणी पोचते. दोन्ही वेळी नमुना घ्यावा, आणि तो उपसा झाल्यावर न घेता पहाटे पाणी भरायला पहिली बाई येण्याआधी घ्यावा.