बिअर्डीला काय खायला द्यायचं आणि काय नाही

आमच्याकडून बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे हा पाळीव सरडा, लाडाने बिअर्डी, नेला की दोन-तीन दिवसात फोन येतोच आणि प्रश्न ठरलेला असतो, "याने अमुक खाल्लं, चालेल ना?" म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय, फ्रिजच्या दाराला लावून ठेवा.

आधी एक गोष्ट सांगतो. विषारी गोष्टींची यादी तशी छोटीच आहे, दहा मिनिटात पाठ होईल. पण बिअर्डी आजारी पडतात ते बहुतेक वेळा विषाने नाही, चालणाऱ्याच गोष्टी चुकीच्या प्रमाणात महिनोन् महिने पोटात गेल्याने. रोज फक्त मीलवर्मच्या अळ्या, रोज फक्त लेट्यूस, आणि कॅल्शियमची डबी कपाटात तशीच बंद. त्यामुळे यादी वाचाच, पण प्रमाणाचा भाग दोनदा वाचा.

अजिबात नको म्हणजे नकोच

सगळ्यात वरती काजवा. हे ऐकून लोक हसतात, पण एकच काजवा पूर्ण वाढलेल्या बिअर्डीचा जीव घ्यायला पुरतो. त्याच्यात जे विष असतं ते थेट हृदयावर काम करतं आणि सगळं फार पटकन घडतं. कुठल्या जातीचा काजवा आहे वगैरे बघत बसू नका, बिअर्डीला बागेत मोकळं सोडलं असेल तर अंधार पडायच्या आत उचलून घरात आणा. चुकून गिळला तर "बघू सकाळपर्यंत" करू नका, त्याच क्षणी डॉक्टर गाठा.

नंतर अव्होकाडो, त्यातलं पर्सिन नावाचं विष घातक ठरू शकतं म्हणून घासभरही नको. रुबार्ब नको, त्यात ऑक्झॅलेट भयंकर. कांदा, लसूण, कांद्याची पात हे सगळं खानदानच बाद. चॉकलेट, दूध, चीज, ब्रेड, तळलेलं, खारवलेलं, म्हणजे थोडक्यात तुमच्या ताटातलं काही नको. संत्रं-लिंबू वगैरे आंबट फळं विषारी नाहीत पण पोट बिघडवतात, मग द्यायचीच कशाला.

बाहेर पकडलेले किडे पण नको. हा नियम लोकांना जाचक वाटतो, कारण टोळ फुकट मिळतो आणि बिअर्डी त्याच्यावर तुटून पडतो, पण त्या टोळाने कुठल्या फवारलेल्या पानावर जेवण केलंय आणि त्याच्या पोटात कुठले जंत आहेत हे तुम्हाला कळायचा काही मार्ग नाही. मधमाशी, गांधीलमाशी, विंचू, गोम, केसाळ आणि भडक रंगाच्या अळ्या हे तर सांगायलाच नको. घरातल्या कुंड्यांकडे पण एकदा नजर टाका, कण्हेर आणि लिलीजवळ त्याला फिरकू देऊ नका.

आता प्रमाण

पिल्लू आणि मोठा बिअर्डी यांचं जेवण जवळजवळ उलटं असतं. पिल्लाला अंग धरायचं असतं म्हणून साधारण ७० ते ८० टक्के किडे आणि बाकी पालेभाजी, मोठ्याला ७० ते ८० टक्के भाजी आणि बाकी किडे. हा बदल एका दिवसात करायचा नसतो, सहा-सात महिन्यांपासून हळूहळू सुरू करायचा आणि दीड वर्षापर्यंत पूर्ण करायचा. पिल्लाला दिवसातून दोन-तीनदा, दर वेळी दहा-पंधरा मिनिटात जेवढे खाईल तेवढे किडे, मोठ्याला भाजी रोज आणि किडे आठवड्यातून दोन-तीनदाच. इथेच बहुतेक जण घसरतात, कारण तो काचेला नाक लावून तुमच्याकडे असा बघतो की वाटतं चार दिवस उपाशी आहे. नाहीये. मोठ्याला रोज किडे दिले की चरबी चढते आणि मग लिव्हर जातं.

किड्याची साइज त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठी नको. पिल्लांच्या बाबतीत हे अगदी काटेकोर पाळा.

रोजच्यासाठी रातकिडे, डुबिया झुरळं, ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या, रेशीमकिडे हे चांगले. सोल्जर फ्लायच्या अळीत मुळातच कॅल्शियम भरपूर असतं, ही सोय बाकी किड्यांत नाही. हॉर्नवर्म म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच, उन्हाळ्यात किंवा पाणी कमी पडलेल्या बिअर्डीला मस्त, पण रोजचं जेवण नाही. मीलवर्म आणि सुपरवर्म कधीतरी, पिल्लाला तर नकोच, कवच कडक आणि चरबी जास्त. वॅक्सवर्म म्हणजे निव्वळ मिठाई, एकदा चटक लागली की साहेब बाकी कशाकडे बघत नाहीत.

दुसरं म्हणजे किडा उपाशी असेल तर तुम्ही बिअर्डीला नुसतं टरफल खायला घालताय. देण्याआधी २४ ते ४८ तास किड्यांना चांगली पालेभाजी, गाजर, भोपळा खायला घाला, यालाच गट लोडिंग म्हणतात. आणि न खाल्लेले रातकिडे रात्री टँकमध्ये ठेवू नका, झोपलेल्या बिअर्डीला ते चावतात.

कॅल्शियमची भानगड

बिअर्डीच्या जेवणात कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट असावं, म्हणजे २:१. आणि बहुतेक किड्यांत हे उलटं असतं, फॉस्फरस कितीतरी जास्त. म्हणून किड्यांवर कॅल्शियमची पावडर भुरभुरायची, पिल्लाला जवळपास रोज, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा. पण नुसती पावडर घालून भागत नाही, ते कॅल्शियम अंगी लागायला व्हिटॅमिन डी३ लागतं आणि ते त्याच्या कातडीत युव्हीबी प्रकाशाने, म्हणजे उन्हातल्या एका प्रकारच्या अतिनील किरणांनी, तयार होतं. खिडकीतलं ऊन यात धरू नका, काच युव्हीबी अडवते. टँकवरची युव्हीबी ट्यूब उजेड देत असली तरी तिचं युव्हीबी आधीच संपलेलं असू शकतं, म्हणून कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदला. डी३वाली पावडर किती द्यायची हे तुमच्या लाइटवर अवलंबून आहे, ते आम्हाला विचारा, कारण डी३ जास्त झालं तरी त्रासच. हे सगळं चुकलं की हाडं मऊ पडतात, जबडा रबरासारखा होतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात. थरथर दिसली की त्याच दिवशी डॉक्टर.

भाज्यांचं

रोजच्यासाठी कोलार्ड, मोहरीची पानं, सलगमाची पानं, डँडेलियनची पानं, एंडाइव्ह. सोबत किसलेला भोपळा, ढोबळी मिरची, रंगासाठी जास्वंदीचं न फवारलेलं फूल, त्याला लाल-पिवळं दिसलं की तो धावत येतो. पालक, बीटची पानं, चार्ड यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, म्हणून कधीतरी दोन पानं. कोबी, ब्रोकोली, केल हे पण अधूनमधूनच, रोज घातलं तर थायरॉइडचं गणित बिघडू शकतं. आइसबर्ग लेट्यूस म्हणजे हिरवं पाणी, पोषण नाही आणि जुलाब वर.

फळ आठवड्यातून एक-दोनदा, चार लहान तुकडे. अंजीर, पपई, ब्लूबेरी ठीक. केळ्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या चौपट असतो, म्हणून ते अगदीच क्वचित.

भाजी धुऊन थोडी ओली ठेवा, वाटीतलं पाणी बऱ्याच बिअर्डींना दिसतच नाही, पानावरचे थेंब मात्र चाटतात. शीमधला पांढरा भाग पिवळा आणि कडक झाला तर पाणी कमी पडतंय.

आणि वेळ. त्याला पचवायला ऊब लागते, बास्किंगची, म्हणजे दिव्याखाली अंग शेकायची जागा ३८ ते ४२ डिग्री सेल्सिअस. लाइट लागल्यावर तासाभराने जेवण द्या आणि लाइट बंद व्हायच्या दोन तास आधी शेवटचं, नाहीतर अन्न पोटात तसंच पडून राहतं.

थंडीत मोठा बिअर्डी खाणं कमी करतो, कधी आठवडेच्या आठवडे झोपून राहतो. तब्येत आणि वजन ठीक असेल तर बळजबरी करू नका, दर आठवड्याला काट्यावर ठेवून आकडा लिहून ठेवा. पिल्लू मात्र दोन दिवस जेवलं नाही तर थांबू नका, आधी टँकचं टेम्परेचर तपासा आणि मग आम्हाला फोन करा, शीचा फोटो पण पाठवा, आम्हाला त्याची सवय आहे.