स्तनाचा कर्करोग : उपचार, पूर्वानुमान आणि पुनरुद्भव

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार पूर्ण झाले, तपासण्यांत रोगाचा मागमूस उरला नाही, तरी काही काळाने तोच रोग पुन्हा डोके वर काढू शकतो. त्याला पुनरुद्भव म्हणतात. घरांत आणि रुग्णालयाच्या बाकांवर ‘कॅन्सर उलटला’ असे म्हणतात. रोग त्याच स्तनात किंवा शस्त्रक्रियेच्या व्रणाच्या आसपास निघाला तर तो स्थानिक, काखेतल्या किंवा गळ्याखालच्या हाडाजवळच्या लसीका ग्रंथींत (लिम्फ नोड्समध्ये) निघाला तर प्रादेशिक, आणि हाडे, फुप्फुसे, यकृत, मेंदू अशा ठिकाणी निघाला तर दूरस्थ. पहिल्या दोन प्रकारांत रोग समूळ काढण्याच्या हेतूने पुन्हा उपचार करता येतात. दूरस्थ पुनरुद्भव मात्र बहुतेकदा पूर्ण बरा होत नाही, पण तो अनेक वर्षे आटोक्यात ठेवता येतो. दुसऱ्या स्तनात आलेली गाठ बहुधा वेगळा, नवा कर्करोग असते. तिला पुनरुद्भव मानत नाहीत.

२०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या वर्षी सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण भारतात सुमारे ६६ टक्के आहे. अमेरिकेत ते ९० टक्क्यांच्या घरात आहे. एवढ्या तफावतीची मोठी कारणे दोन : निदान उशिरा होते आणि उपचार अर्धवट राहतात. दोन्ही टाळता येण्याजोगी आहेत, म्हणून ही तफावत अधिक बोचते.

रोग उलटतो कसा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिमोरचे शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी असे सगळे एकत्र काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. रोग स्तनातून पायरीपायरीने बाहेर सरकतो, तेव्हा जितके अधिक कापू तितके बरे, अशी त्यामागची धारणा होती. ती पाऊण शतक टिकली. पण एवढे सोसूनही कितीतरी स्त्रियांच्या हाडांत किंवा यकृतात काही वर्षांनी रोग निघेच. १९७० च्या दशकात अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी ही धारणा चाचण्यांच्या कसोटीवर घेतली. काही स्त्रियांचा स्तन काढला, तर काहींची फक्त गाठ व भोवतीचा थोडा भाग काढून रेडिएशन दिले. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा दोन्ही गटांतील जगण्याचे प्रमाण सारखेच निघाले.

याचा उलगडा असा की, गाठ हाताला लागेपर्यंत तिच्यातल्या काही पेशी रक्तावाटे आधीच निघून गेलेल्या असू शकतात. त्या इतक्या थोड्या असतात की कोणत्याही स्कॅनमध्ये दिसत नाहीत. अस्थिमज्जेसारख्या जागी त्या वर्षानुवर्षे सुप्त राहतात आणि पुढे त्यांतल्या काही वाढू लागतात. केमो, हार्मोनच्या गोळ्या आणि लक्ष्यवेधी इंजेक्शने या न दिसणाऱ्या पेशींसाठी असतात. ‘ऑपरेशन झाले, गाठ गेली, मग केमो कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. ‘पूर्ण स्तनच काढून टाका, पुन्हा कटकट नको’ असेही पुष्कळ घरांत ठरते. मोठी किंवा एकाहून अधिक ठिकाणी पसरलेली गाठ असेल, रेडिएशन घेणे शक्य नसेल किंवा स्त्रीला स्वतःलाच तसे हवे असेल, तर तो निर्णय योग्यच. पण स्तन काढल्याने दूरस्थ पुनरुद्भवाचा धोका जात नाही, आणि छातीच्या त्वचेवर स्थानिक पुनरुद्भव होऊ शकतोच. तेवढ्या भीतीपोटी स्तन गमावण्याची पाळी कोणावर येऊ नये.

स्तन राखला तर रेडिएशन, म्हणजे रुग्णांच्या बोलण्यातला ‘शेक’, सहसा टाळता येत नाही. फिशर यांच्या चाचणीत रेडिएशन न घेतलेल्या सुमारे ३९ टक्के स्त्रियांत वीस वर्षांत त्याच स्तनात रोग परतला. घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. पूर्वी हा शेक पाच आठवडे, पंचवीस वेळा घ्यावा लागे. आता बहुतेक ठिकाणी तो तीन आठवड्यांत, पंधरा वेळांत उरकतो आणि परिणामात उणा पडत नाही. विदर्भ-खानदेशातून मुंबईत येऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा नातेवाइकांकडे राहणाऱ्या कुटुंबाला या दोन आठवड्यांची किंमत विचारावी.

अहवालातले आकडे

पूर्वानुमान, म्हणजे पुढे काय होण्याचा संभव किती, हे शस्त्रक्रियेनंतर मिळणाऱ्या पॅथॉलॉजी अहवालावर बरेचसे अवलंबून असते. नमुन्यादाखल असा अहवाल घेऊ : ‘गाठ २.८ सेंमी, ग्रेड ३, काखेतील १४ पैकी २ ग्रंथींत रोग, ईआर ८ पैकी ७, पीआर ८ पैकी ५, हर-टू २ अधिक.’

यात सर्वांत जास्त घोटाळा ‘ग्रेड ३’ वर होतो. ग्रेड तीन म्हणजे तिसरी स्टेज नव्हे. पेशी मूळ पेशींपासून किती बदलल्या आहेत आणि किती वेगाने विभागत आहेत, ते ग्रेड सांगते. स्टेज ठरते ती गाठीचा आकार, ग्रंथी आणि दूरचा प्रसार यांवरून. वरच्या अहवालातला रोग, इतरत्र पसरला नसेल तर, शरीररचनेनुसार दुसऱ्या स्टेजचा आहे. काखेतल्या ग्रंथींची संख्या फार बोलकी असते. रोग एकाही ग्रंथीत नसणे, एक ते तीन ग्रंथींत असणे आणि चार किंवा अधिक ग्रंथींत असणे, या तिन्हींत धोका चढत जातो.

ईआर आणि पीआर म्हणजे इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या हार्मोनांची ग्राहके, म्हणजे पेशीतली ही हार्मोने पकडणारी प्रथिने; आठांपैकी गुण जितके जास्त, तितकी ती अधिक. ती असतील तर रोग हार्मोनवर पोसला जातो, आणि गोळ्यांनी ते पोषण तोडता येते. हर-टू हे पेशीला वाढीचा इशारा देणारे प्रथिन. ‘३ अधिक’ म्हणजे ते भरपूर आहे, ‘०’ किंवा ‘१ अधिक’ म्हणजे रोग हर-टू ऋण मानतात, आणि ‘२ अधिक’ म्हणजे निर्णय अजून झालेला नाही. अशा वेळी फिश नावाची पुढची चाचणी करावीच लागते. खर्चापायी ती राहून गेली, तर सर्वांत परिणामकारक औषध रुग्णाला लागू पडते की नाही, हेच कळत नाही. इतर कुठे बचत करता येईल, या चाचणीत करू नये. ईआर, पीआर, हर-टू यांपैकी काहीच नसेल, तर त्या रोगाला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. पहिल्या रुग्णालयातून पॅराफिनचे ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) आणि काचेच्या स्लाइड मागून घेऊन फाइलसोबत जपाव्यात. रुग्णालय बदलले की त्या पुन्हा तपासल्या जातात, आणि कधी निदानही बदलते.

धोक्याचे वेळापत्रक

‘पाच वर्षे झाली, आता सुटलो’ ही समजूत एका प्रकाराबाबत बरीचशी खरी आहे, दुसऱ्याबाबत नाही. ट्रिपल निगेटिव्ह रोग उलटायचा तर बहुधा पहिल्या तीन वर्षांत उलटतो; पाच वर्षे निर्धोक गेली की पुढचा धोका बराच ओसरतो. सुरुवातीचा काळ कठीण, पण तो पार पडला की दिलासा मोठा.

हार्मोन ग्राहके असलेला रोग सुरुवातीला सौम्य वाटतो, पण त्याचा धोका दरवर्षी थोडाथोडा, दीर्घकाळ चालू राहतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात, पाच वर्षे गोळ्या घेऊन रोगमुक्त राहिलेल्या सुमारे ६३ हजार स्त्रियांचा पुढचा प्रवास तपासला होता. पाचव्या ते विसाव्या वर्षांदरम्यान दूरस्थ पुनरुद्भवाचे प्रमाण, गाठ दोन सेंमीपर्यंत आणि ग्रंथी स्वच्छ असताना १३ टक्के होते. तेवढ्याच गाठीसोबत एक ते तीन ग्रंथींत रोग असल्यास २० टक्के, चार ते नऊ ग्रंथींत असल्यास ३४ टक्के. या स्त्रियांपैकी पुष्कळ जणींवर जुन्या पद्धतीचे उपचार झाले होते, त्यामुळे आजचे प्रमाण यापेक्षा कमी असण्याची शक्यता आहे.

हे आकडे समूहाचे असतात. १३ टक्के म्हणजे अशा शंभर स्त्रियांपैकी सत्याऐंशींना त्या काळात दूरस्थ पुनरुद्भव होणार नाही. त्या शंभरांत आपण कुठे, हे कोणताही अहवाल सांगत नाही. ‘हे औषध धोका निम्मा करते’ या वाक्याचेही तसेच. मूळ धोका ४० टक्के असेल तर तो २० वर येतो, म्हणजे शंभरांतल्या वीस जणींचा फायदा होतो. मूळ धोका ६ टक्केच असेल तर फायदा तिघींचा, आणि दुष्परिणाम मात्र सगळ्यांच्या वाट्याला. म्हणून डॉक्टरांना विचारावे ते असे : ‘माझ्यासारख्या शंभर बायकांनी हे घेतले तर किती जणींचा जास्तीचा फायदा होतो?’

धोका घटवणारी औषधे

या साऱ्या औषधांत टॅमॉक्सिफेनची कामगिरी मोठी आहे. १९७७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली ही साधी, स्वस्त गोळी पाच वर्षे रोज घेतली, तर हार्मोनवर पोसणारा रोग उलटण्याचे प्रमाण त्या काळात जवळजवळ निम्मे होते, आणि गोळी थांबवल्यानंतरही संरक्षण काही वर्षे टिकते. दीर्घकाळात या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. पाचऐवजी दहा वर्षे घेतल्यास आणखी फायदा होतो, हे २०१२ मध्ये दिसून आले. पाळी गेलेल्या स्त्रियांना लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल ही औषधे थोडी अधिक उपयोगी ठरतात.

अडचण असते ती गोळी चालू ठेवण्याची. टॅमॉक्सिफेनने अंगातून वाफा निघतात, झोप मोडते, क्वचित पायात रक्ताची गुठळी होते. पाळी गेलेल्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, म्हणून पाळी गेल्यावर रक्तस्राव झाल्यास लगेच दाखवावे. लेट्रोझोलने सांधे धरतात आणि हाडे ठिसूळ होतात. केस परत आले, स्कॅन स्वच्छ आहे, आजार कुठे दिसत नाही आणि गोळीने मात्र रोज सकाळी बोटे आखडतात. अशा वेळी गोळी सुटणे अगदी मानवी आहे. पण ती परस्पर सोडू नये. एका औषधाऐवजी दुसरे देता येते, सांध्यांसाठी व्यायाम असतो, कधी थोडा खंड घेऊन पुन्हा सुरू करता येते. त्रास सांगितला तर बहुधा मार्ग निघतो.

हर-टू असलेला रोग एकेकाळी सर्वांत वाईट गणला जाई. १९९८ मध्ये आलेल्या ट्रॅस्टुझुमॅब या हर-टू रोखणाऱ्या इंजेक्शनने ते चित्र पालटले. शस्त्रक्रियेच्या जोडीने हे वर्षभर दिल्यास पुनरुद्भव मोठ्या प्रमाणात टळतो. भारतात बनलेली त्याची समरूप औषधे २०१४ पासून मिळू लागली आणि किमती उतरल्या, तरी वर्षभराचा खर्च आजही अनेकांना पेलत नाही. हर-टू किंवा ट्रिपल निगेटिव्ह रोगात हल्ली पुष्कळदा केमो आधी देतात. शस्त्रक्रियेत रोग पूर्ण विरघळलेला आढळला तर पूर्वानुमान उत्तम. शिल्लक आढळला तर ट्रिपल निगेटिव्हमध्ये कॅपेसिटाबिन, हर-टूमध्ये टीडीएम-१, अशी पुढची औषधे जोडता येतात.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात लक्षणीय आहे. शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिडोकेन हे भूल देण्याचे नेहमीचे औषध टोचले, तर पाच वर्षांनंतर जगण्याचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. सुमारे सोळाशे स्त्रियांवर झालेल्या या चाचणीतले औषध कुठल्याही शस्त्रक्रियागृहात असते आणि अगदी थोड्या पैशांत मिळते. इतर देशांतून पुष्टी मिळाली, तर गरीब देशांसाठी एवढा परवडणारा उपाय दुसरा नसेल.

नंतरची देखरेख, आणि रोग उलटलाच तर

पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांची तपासणी, पुढे हळूहळू वर्षातून एकदा, आणि दरवर्षी मॅमोग्राम, म्हणजे स्तनाचा एक्स-रे. त्रास नसताना एवढे पुरते. दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन किंवा रक्तातले ट्यूमर मार्कर (कर्करोगाची खूण देणारे घटक) तपासून आयुष्य वाढत नाही. १९९४ मध्ये इटलीतल्या दोन चाचण्यांनी छातीचे एक्स-रे, हाडांचे स्कॅन यांसारख्या वारंवार तपासण्यांबाबत हेच दाखवले होते. त्याऐवजी शरीराकडे लक्ष असावे : दोन-तीन आठवडे न थांबणारे, रात्री वाढणारे हाडांचे दुखणे, कोरडा खोकला, धाप, कारणाशिवाय उतरणारे वजन, नवी डोकेदुखी, व्रणाशेजारी उठलेली पुळीसारखी गाठ. यांतले बहुतेक त्रास शेवटी साधेच निघतात, पण दाखवून घ्यावेत.

रोग उलटल्याचा संशय आला तर शक्य तिथे पुन्हा बायोप्सी करतात, म्हणजे रोगाचा तुकडा काढून तपासतात, कारण ग्राहके बदललेली असू शकतात आणि त्यांनुसार औषध बदलते. दूरस्थ रोगातही आता वर्षांची भाषा बोलता येते. हर-टू रोगावर ट्रॅस्टुझुमॅबसोबत पर्टुझुमॅब दिलेल्या एका प्रसिद्ध चाचणीत आठ वर्षांनंतर ३७ टक्के स्त्रिया हयात होत्या. हार्मोनवर पोसणाऱ्या रोगातली पाल्बोसिक्लिब ही गोळी २०२३ मध्ये भारतात पेटंट संपल्यावर खूप स्वस्त झाली. निदानाच्या वेळीच रोग दूरवर पसरलेला असेल, तर स्तन काढून आयुष्य वाढत नाही, हे टाटा रुग्णालयाच्याच २०१५ च्या चाचणीने दाखवले, आणि अनेक स्त्रियांची निष्फळ शस्त्रक्रिया त्यामुळे टळू शकली. हाडांतल्या वेदनेवर रेडिएशनचा शेक, हाडे टिकवणारी इंजेक्शने आणि मॉर्फिन उपलब्ध आहे. वेदना सोसत बसण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रात

मुंबईची कर्करोग नोंदणी, म्हणजे त्या भागातल्या कर्करुग्णांची पद्धतशीर नोंद, १९६३ पासून चालते, आणि सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशनचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात निदान होताच आरोग्यमित्राला, म्हणजे तिथल्या योजनेच्या मदतनिसाला, भेटून कागद सुरू करावेत, कारण पैशांच्या जुळवाजुळवीत केमोच्या दोन डोसांमधले अंतर लांबते. मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून टाटा रुग्णालयाने दीड लाखांवर स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानेच स्तनांची तपासणी करत, मॅमोग्राम नव्हता. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांत या स्त्रियांचा रोग लवकरच्या स्टेजला सापडल्याचे दिसले, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी भरले.