लाल चेहरा: रोझेशिया की ट्यूबची करणी?

मे महिन्यात दुपारी साडेतीनला आमच्या मेडिकलवर येणारा प्रत्येक चेहरा लालच असतो. जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला, डोक्याला रुमाल, हातात गाडीची किल्ली. अशा वेळी "भाऊ, तोंड नुसतं जळी ऱ्हायनं" असं कुणी म्हटलं की आधी उन्हाचाच संशय येतो. पण तीच ताई ऐन थंडीत, भरिताच्या दिवसांत, त्याच तोंडानं परत आली तर उन्हाच्या माथी किती मारायचं?

मग घरचे जेवणावर येतात. ठेचा बंद, शेवभाजी बंद, वांगं तर बंदच बंद. सहा महिने बिचारी फिकं वरण खाते आणि गाल तसेच राहतात. मी त्वचेचा डॉक्टर नाही, औषधं विकणारा माणूस आहे. पण या काउंटरवर उभं राहून एक प्रश्न मी जेवणाच्या आधी विचारायला शिकलो: तोंडाला काय लावता?

कारण सतत लाल दिसणाऱ्या चेहऱ्यामागे बऱ्याचदा गोंधळात टाकणाऱ्या दोन गोष्टी असतात. एक रोझेशिया, म्हणजे त्वचेचा जुनाट आजार. दुसरी, स्टिरॉइडचं मलम महिनोन्‌महिने लावून बिघडलेला चेहरा. दिसायला दोन्ही इतके सारखे की शेजारी उभं केलं तर चटकन फरक कळणार नाही. आणि घोळ असा की पहिल्यावर लोक जे लावतात, त्यातूनच दुसरा तयार होतो.

रोझेशिया बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान डोकं वर काढतो. सुरुवात फार साधी असते. चहा प्यायला, चुलीपुढे बसलं, कुणाशी वाद झाला की चेहरा एकदम तापून लाल होतो आणि थोड्या वेळानं उतरतो. लोक कौतुकही करतात, "गालावर काय लाली चढलीय!" पुढे ती लाली उतरेनाशी होते. गाल, नाक, हनुवटी आणि कपाळाचा मधला भाग, एवढंच तिचं गाव. बारीक रक्तवाहिन्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसू लागतात, काहींना पुटकुळ्या येतात. मुरमांशी गल्लत होते ती इथेच, पण मुरमांत काळ्या-पांढऱ्या टोकाच्या घामोळ्यासारख्या पुळ्या, म्हणजे ब्लॅकहेड-व्हाइटहेड असतात, रोझेशियात त्या नसतात. पुरुषांत कधी कधी नाकाची कातडी जाड होऊन नाक फुगतं. गावात अशा माणसाला लगेच "घेतो वाटतं" म्हणून मोकळे होतात. त्यानं आयुष्यात थेंब घेतलेला नसतो. दारूनं लाली भडकते हे खरं, पण हा आजार न पिणाऱ्यालाही होतो.

आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगात ही लाली बऱ्याचदा लाल दिसत नाही, तांबूस-तपकिरी दिसते. म्हणून ती वांग, म्हणजे चेहऱ्यावरचे काळसर डाग, समजली जाते. घरी एक पडताळा करता येतो. काचेच्या स्वच्छ ग्लासचा तळ त्या जागी हलका दाबा. आतला रंग क्षणभर फिका पडला आणि ग्लास उचलताच परत भरला, तर तो रंग रक्तवाहिन्यांचा. वांग दाबून फिका पडत नाही. यावरून निदान होत नाही, पण डॉक्टरांपुढे काय बोलायचं ते कळतं.

आता दुसरा चेहरा. त्याची गोष्ट जवळपास नेहमी एका ट्यूबपासून सुरू होते. कुणी वांगासाठी आणलेली, कुणी गोरं होण्यासाठी मैत्रिणीनं सांगितलेली, कुणी नवऱ्याच्या मांडीवरच्या नायट्यासाठी आणलेली आणि उरलेली. ट्यूबवर बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन असं काहीतरी असतं. नायट्याच्या कित्येक ट्यूबांत बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि क्लोबेटासोल असं तिन्ही एकत्र कालवलेलं असतं. नावाच्या शेवटी 'सोन', 'लोन' किंवा 'सोल' दिसलं की कान टवकारा. 'झोल' मात्र वेगळा. क्लोट्रिमाझोल हे नुसतं बुरशीचं औषध आहे, त्यात स्टिरॉइड नाही. क्लोबेटासोल आणि क्लोट्रिमाझोल यांची अदलाबदल तर मी रोज ऐकतो.

स्टिरॉइड रक्तवाहिन्या आकसवतं. त्यामुळे दोन-चार दिवसांत चेहरा उजळतो, आग थांबते, आणि ट्यूब "लागू पडली" अशी खात्री पटते. आतून मात्र कातडी पातळ होत जाते. लावणं बंद केलं की साधारण चार-आठ दिवसांत आकसलेल्या वाहिन्या उलट फुलतात, तोंड पेटतं, सुजतं, पुळ्यांनी भरतं. मग पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम. दारू सुटत नाही तसंच हे. फक्त याला कुणी व्यसन म्हणत नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी मात्र या अवस्थेला वेगळं नाव दिलं आहे, आणि त्याचा साधा अर्थ स्टिरॉइडनं बिघडलेला, स्टिरॉइडवाचून न राहणारा चेहरा असाच होतो.

ओळखायचं कसं? लाली कुठवर आहे ते बघा. रोझेशिया चेहऱ्याच्या मध्यात राहतो. स्टिरॉइडची लाली जिथवर बोट फिरलं तिथवर जाते, म्हणजे जबड्याखाली, केसांच्या कडेपर्यंत, तोंडाभोवती. गालावर-हनुवटीवर बारीक लव वाढलेली दिसली तर ट्यूबवरचा संशय बळावतो, कारण रोझेशियात केस वाढत नाहीत. पुळ्या सगळ्या एकाच आकाराच्या, एकाच वेळी उठल्यासारख्या असतील तर तोही इशारा. आणि सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे वेळापत्रक: ट्यूब संपली की किती दिवसांत भडकतं?

खरी पंचाईत होते ती दोन्ही एकत्र असतात तेव्हा. मुळात रोझेशिया, त्यावर दोन वर्षं ट्यूब. माझ्याकडे येणाऱ्यांत असेच फार. अशा वेळी आधी ट्यूबचा हिशेब मिटवावा लागतो, त्याखाली काय होतं ते नंतर दिसतं.

जेवणाचं म्हणाल, तर इथे दोघांची वाट पूर्ण वेगळी होते. रोझेशियात खाण्याचा संबंध खरा आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन कातडीतल्या नसांच्या ज्या टोकांना चाळवतं, त्याच टोकांना उष्णताही चाळवते. म्हणजे ठेचा खाल्ला की शरीराला तापल्यासारखंच वाटतं आणि वाहिन्या उघडतात. दालचिनीचंही थोडं तसंच, म्हणून काळ्या मसाल्याचा रस्सा काहींना सोसत नाही. पण किती जणांना? अमेरिकेतल्या रोझेशिया संस्थेनं १,०६६ रुग्णांना विचारलं, तेव्हा ऊन ८१ टक्क्यांनी, मानसिक ताण ७९ टक्क्यांनी, गरम हवा ७५ टक्क्यांनी सांगितली. तिखट जेवण ४५ टक्क्यांवर होतं. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांनी तिखटाचं नाव घेतलेलं नाही. आणि आपल्याकडे पहिला बंदोबस्त मिरचीचाच!

त्याच संस्थेच्या त्रास देऊ शकणाऱ्या पदार्थांच्या यादीत वांगं आहे आणि केळंही आहे. ही यादी केळी पिकवणाऱ्या यावल-रावेरच्या माणसाच्या हातात दिली तर त्यानं जगायचं कसं? ती यादी म्हणजे कुणाकुणाला काय काय बाधलं त्याची जंत्री आहे, सगळ्यांसाठीचं पथ्य नव्हे. दोन-तीन आठवडे वहीत लिहा: काय खाल्लं, किती गरम खाल्लं, कुठे बसून खाल्लं, चेहरा कधी तापला. भरीत पार्टीला पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजणाऱ्या वहिनींचं तोंड लाल होतं ते बहुधा जाळानं. भरीत खाऊन की भाजून, हे वहीच सांगेल. पुढच्या वेळी भाजायचं काम दिराला द्या आणि भरीत तुम्ही खा, मग बघा.

चहा-कॉफीचं तर उघड झालेलं आहे. १९८१ मधल्या एका प्रयोगात रोझेशियाच्या रुग्णांना गरम कॉफीनं जशी लाली आली तशी नुसत्या गरम पाण्यानंही आली, नुसत्या कॅफीननं आली नाही. दोष उष्णतेचा होता. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ८२ हजारांवर नर्सेसच्या माहितीवरून आलेल्या अभ्यासात तर रोज चार किंवा जास्त कप कॅफीनवाली कॉफी पिणाऱ्यांत रोझेशिया कमी आढळला. म्हणून कॉफी प्या असं मी म्हणत नाही. चहा बशीत ओतून, निववून प्या एवढंच. आपल्या आज्या तेच करायच्या. शेवभाजीचा रस्साही ताटात पाच मिनिटं थांबू द्या.

स्टिरॉइडच्या चेहऱ्याला या पथ्याचा उपयोग जवळपास शून्य. कातडी पातळ झालेली असल्यानं उष्णता आणि तिखट तिलाही झोंबतं, पण मिरची सोडून ती कातडी भरून येत नाही. ट्यूब सुरू ठेवून ठेचा सोडणं म्हणजे गळका माठ तसाच ठेवून ओसरी पुसत बसणं.

उपचारही असेच वेगळे. रोझेशियाला मेट्रोनिडाझोल जेल, अझेलाइक अ‍ॅसिड, आयव्हरमेक्टिन क्रीम देतात. आयव्हरमेक्टिन आम्हाला खरजेच्या गोळीमुळे माहीत. चेहऱ्यावर डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे सगळ्यांच्याच असतात, रोझेशियात ते जास्त सापडतात, म्हणून ते इथे कामाला येतं. पुटकुळ्या असतील तर कमी मात्रेत डॉक्सिसायक्लिन, जंतू मारायला नव्हे, दाह उतरवायला. गरोदरपणी ती चालत नाही, म्हणून दिवस गेले असतील तर सांगायला लाजू नका. फरक पडायला आठ-बारा आठवडे लागतात आणि लोक तिसऱ्या आठवड्यात कंटाळतात. ब्रिमोनिडिन जेलनं लाली काही तास उतरते, पण काहींना नंतर जास्त चढते. दिसणाऱ्या वाहिन्यांवर मलम फारसं चालत नाही, तिथे लेझर. तोही काही बैठकांत, आणि कायमचा नाही.

ट्यूबच्या चेहऱ्यावर पहिला उपचार ट्यूब थांबवणं. पण फार दिवस, फार जोरकस ट्यूब लावली असेल तर आपल्या मनानं एका दिवसात सोडू नका. डॉक्टर कधी हळूहळू उतरवतात, कधी मध्ये टॅक्रोलिमस हे स्टिरॉइड नसलेलं मलम देतात, कधी गोळ्या. भडका होणार हे आधीच माहीत असेल तर माणूस घाबरून परत मेडिकलवर धावत नाही. पूर्ववत व्हायला महिने लागतात. डॉक्टरांकडे जाताना वापरलेली ट्यूब, रिकामी असली तरी, खिशात न्या. "पिवळी-पांढरी होती" यावरून कुणालाच काही कळत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

दोघांनाही सारखं लागू पडणारं थोडंच आहे. झिंक ऑक्साइडवालं सनस्क्रीन, एसपीएफ ३० च्या वर. साधा वास नसलेला मॉइश्चरायझर. स्कार्फ सुती आणि सैल, कारण घट्ट बांधला तर आत भट्टी होते. लिंबू, तुरटी, पार्लरची वाफ, खरखरीत स्क्रब, सगळं बंद. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत असेल तर तेही सांगा, रोझेशिया डोळ्यांतही उतरतो. ट्यूब पापण्यांजवळ लावली असेल तर डोळ्यांचा दाब तपासून घ्या.

आमची बाजूही सांगतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं चौदा स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. त्याआधी मीही दिली आहेत, मागेल त्याला, हसत. आजही रोज कुणीतरी मोबाइलमधला फोटो पुढे करतं, "ही द्या, बहिणीला लागू पडली." चिठ्ठी मागितली की चार दुकानं सोडून पाचव्यात जातात. परवा एका ताईंना ट्यूब नाकारली तर त्या म्हणाल्या, "मग काय खायचं बंद करू ते तरी सांगा." मी म्हटलं, "ताई, घरी ठेवलेली ट्यूब आधी घेऊन या." संध्याकाळी त्या दोन घेऊन आल्या. एकीवर क्लोबेटासोल होतं, दुसरीवर मोमेटासोन.