मोरीतला वाळा आणि रावेरची केळी

पहिला दमदार पाऊस झाला की आमच्या जळगावात कोणाच्या ना कोणाच्या मोरीत हा निघतोच, मग कोणी मीठ आणतं, कोणी झाडू. मागच्या जूनमध्ये शेजारच्या काकू ओरडल्या, "हाई काय शे रे भाऊ, गांडूळ शे का सापनं पिल्लू?"

दोन्ही नाही काकू, पूर्ण वाढलेला साप आहे हा, वाळा. बिनविषारी. बिळात पाणी भरलं की बिचारा वर येतो.

कागदावर घेऊन नीट बघितला. लांबी वीतभरही नाही, गांडुळाला असतात तशी कडी नाहीत, अंग एकदम चकचकीत, आणि मधूनच इवलीशी जीभ बाहेर. डोळे म्हणजे खवल्यांखाली दोन काळे ठिपके, उजेड-अंधार कळतो तेवढंच. हातावर घेतला तर शेपटीचं बारीक टोक टोचतं, त्यावरूनच लोक म्हणत असतील दोन्हीकडून चावतो म्हणून. कानात शिरतो हे तर सगळ्यांनीच ऐकलंय, पण त्याला हवी असतात मुंग्यांची आणि वाळवीची अंडी-अळ्या, ती काय आपल्या कानात असतात का?

खरी गंमत पुढे आहे. "त्याला" म्हणतोय खरं, पण या जातीत नरच नाहीत, सगळ्या माद्याच! मादी एकटीच अंडी घालते आणि त्यातून परत माद्याच निघतात, जवळजवळ आईची झेरॉक्स. साधारण प्राण्यात गुणसूत्रांचे दोन संच असतात, हिच्यात तीन, १४ त्रिक ४२. आता हे आपल्या खान्देशी माणसाला नवं वाटायला नको, कारण रावेर-यावलच्या केळीचंही तेच, ११ त्रिक ३३, म्हणून तर केळीत बी धरत नाही आणि मुनवे (बुंध्याशी फुटणारे कोंब) नाहीतर टिश्यू कल्चरची रोपं लावावी लागतात. फक्त केळीला माणूस लागतो, वाळ्याला तेही नको.

म्हणूनच कुंडीच्या मातीत लपून एकटी मादी कुठेही पोचली तरी तिचा वंश चालू होतो, आणि असं करत अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर ही जात पोचलीय. इंग्रजीत तर तिला 'फ्लॉवरपॉट स्नेक'च म्हणतात.

मी तो वाळा काकूंच्याच जास्वंदीच्या कुंडीत सोडला. संध्याकाळी बघतो तर कुंडी आमच्या अंगणात.